प्रत्येक वाक्याचा कर्ता

सकाळी साडेसहा ते दहा मी लोकांचं रक्त काढते. अंधेरीतल्या एका लॅबची मी घरोघर जाऊन सँपल घेणारी बाई. स्कूटरच्या मागे थंड पेटी, पेटीत नळ्या, जांभळ्या झाकणाच्या, करड्या झाकणाच्या. लोक दार उघडतात ते उपाशीपोटी आणि वैतागलेले. मी त्यांना सांगते, हात ढिला सोडा, मूठ आवळा, श्वास घ्या, झालं. वीस वर्षं हेच करतेय. हात माझा हलका आहे असं सगळे म्हणतात.

योगाच्या वर्गाला मी कंबरेसाठी गेले. स्कूटरनं आणि जिन्यांनी कंबरेची वाट लावली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याल तेवढ्या कमीच, जरा व्यायाम करा. आमच्या गावठाणाच्या मागे नवीन इमारती झाल्यात, त्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच वाजता वर्ग असायचा. मम्मीनं नाक मुरडलं. आम्ही इथले मूळचे ख्रिस्ती, पप्पांच्या पणजोबांच्या वेळचं घर आहे आमचं. मम्मी म्हणाली, "चर्चमध्ये मिस्साला बसलीस की पाय दुखतात तुझे. तिकडं बरी मांडी घालशील गो."

शिकवणाऱ्या बाई महानगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. मराठी शिकवायच्या. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. योगाची शिक्षिका म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी पांढऱ्या कपड्यातली, हळू हसणारी बाई होती. या तशा नव्हत्या. खाकरून बोलायच्या. कोणाचा गुडघा वाकडा पडला तर शाळेत ओरडतात तशा ओरडायच्या, आणि फारच रागावल्या की मालवणीत जायच्या.

चार महिन्यांत कंबर बरीच सुधारली. मग एके दिवशी बाई म्हणाल्या, ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी शनिवारी जास्तीचा एक तास थांबा. शरीराचं झालं, आता स्वाध्याय करू. आम्ही पाच-सहाजणी थांबलो. त्यांनी सांगितलं, योगातले नियम पाच, त्यातला हा चौथा. त्याचे दोन अर्थ. चांगलं काही वाचायचं, हा एक. दुसरा, स्वतःला वाचायचं. पहिला सगळ्यांना आवडतो, दुसऱ्यापासून माणसं पळून जातात. मग म्हणाल्या, रोज पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा. मन आवरू नका. उठल्यावर वहीत लिहा, मन कुठे कुठे गेलं. फक्त गावांची नावं लिहावीत तसं. त्याच्यावर प्रवचन नको.

मला वाटलं, सोपं आहे. लहानपणापासून कन्फेशनला जाते, स्वतःच्या चुकांची यादी करायची मला सवय.

पहिल्या दिवशी मी माळ्यावरच्या खोलीत बसले आणि तीन मिनिटांत उठले. गॅसवर काही आहे असं वाटलं. नव्हतं. परत बसले. पायाला मुंग्या. मग आठवलं की सकाळच्या एका नळीवर नाव नीट लिहिलंय की नाही. लिहिलं होतं, मला माहीत होतं, तरी फोन करून लॅबमध्ये विचारलं. मग पाणी प्यायले. पंधरा मिनिटं संपली तेव्हा मी खिडकीत उभी होते. वहीत लिहिलं, "श्वास शांत होत गेला. मन हलकं वाटलं."

आठवडाभर असंच लिहिलं. शनिवारी बाईंनी वही बघितली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग वही माझ्याकडे फिरवली.

"अक्षर बघ तुझं. शांत माणसाच्या वेलांट्या अशा पळतात?"

मी वही मिटायला गेले.

"खोटा लिवू नको गो," त्या म्हणाल्या. "मला नाही, तुला फसवतेयस."

इतर बायका हसल्या. मला राग आला. पन्नाशीला आलेल्या बाईला असं सगळ्यांसमोर? घरी येऊन मम्मीला म्हटलं, मी नाही जायची आता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. राग होता म्हणूनच बहुतेक, यावेळी खरं लिहिलं. गॅस. पेट्रोल. समोरच्या घराची गळकी टाकी. बहीण. दुपारी काय शिजवायचं. लॅबमधला नवीन मुलगा मला आंटी म्हणतो. बहीण. बहीण आली नव्हती. बहीण.

पुढे महिनाभर असंच चाललं. जिथून कुठून निघालं तरी मन वाकोल्याला जायचं. माझी मोठी बहीण तिथे राहते. नवरा बोटीवर असतो, मुलगी बंगलोरला. ती शिवणकाम करायची, लग्नाचे गाऊन, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनसाठी पोरींचे पांढरे फ्रॉक. सांताक्रूझपासून मालाडपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडे यायच्या. तिच्याशी मी दीड वर्ष बोलले नव्हते, आणि कारण सगळ्या गावठाणाला माहीत होतं, कारण मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मम्मी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी तिला हॉस्पिटलमध्ये घातलं, ऑपरेशन झालं, आणि त्या दिवशी माझी मोठी बहीण आली नाही. कोणाच्या तरी गाऊनची फिटिंग होती तिच्याकडे. आईचं ऑपरेशन आणि ही टाचण्या लावत बसली होती. मी एकटी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सहा तास होते. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की कुठे आवाज खाली घ्यायचा, कुठे थांबायचं ते सगळं बसलं होतं. ऐकणाऱ्या बायका चुकचुकायच्या. पुढच्या ख्रिसमसला भांडण झालं तेव्हा मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "तुला गाऊन मोठा, मम्मी छोटी." त्यानंतर ती हळूहळू यायची कमी झाली, मग बंदच झाली.

बाईंनी माझी वही पुन्हा बघितली. म्हणाल्या, "ही बहीण तुझ्या वहीत भाड्यानं राहते की काय?"

मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. नेहमीसारखी, थांबायच्या जागी थांबून. बाकीच्या बायका चुकचुकल्या. बाई नाही चुकचुकल्या. त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला.

"आता ह्या आठवड्यात एवढंच कर," त्या म्हणाल्या. "ते चार दिवस लिहून काढ. मम्मी पडली तिथपासून ऑपरेशनपर्यंत. पण एक अट. प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' पाहिजे. 'ती आली नाही' चालणार नाही. 'डॉक्टर म्हणाले' चालणार नाही. मी काय केलं, मी काय बोलले. पाचवीच्या मुलांना जमतं, तुला जमेल."

सोमवारी दुपारी लिहायला बसले. मम्मी खाली झोपली होती. मी लिहिलं:

मी मम्मीला उचललं. मी रिक्षा बोलावली. मी फॉर्मवर सही केली. मी बहिणीला फोन केला. मी रविवारी हॉस्पिटलात झोपले. मी सोमवारी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशन कधी. मी ऐकलं, बुधवारी अकरा वाजता. मी संध्याकाळी बहिणीबरोबर कॉरिडॉरमध्ये उभी होते. मी शहाळं पीत होते. मी तिला सांगितलं, ऑपरेशन गुरुवारी आहे.

पेन तिथेच थांबलं.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. बुधवारी लिहायचं होतं, चुकून गुरुवारी लिहिलं असं म्हणून खोडायला गेले आणि खोडता येईना. कारण मला तो कॉरिडॉर दिसत होता. शहाळ्यातली नळी दिसत होती. तिच्या हातात मम्मीच्या कपड्यांची पिशवी होती. ती म्हणाली होती, "बुधवारी माझी एक फिटिंग आहे, नवरी गोव्याहून येणार, ती तेवढी उरकते. गुरुवारी सकाळपासून मी इथेच." आणि मी म्हटलं होतं, "हां, गुरुवारीच ये."

मंगळवारी तिनं फोनवर पुन्हा विचारलं, उद्या येऊ का? मी म्हटलं, नको, उद्या काही नाही.

बुधवारी चार वाजता, मम्मीला बाहेर आणल्यावर, मी तिला फोन केला आणि म्हटलं, "झालं ऑपरेशन. तू आली नाहीस?" ती गडबडली. "अगं, गुरुवारी ना?" मी म्हटलं, "बुधवारी. मी तुला बुधवारच सांगितला होता." ती मग म्हणाली, "असेल. मीच चुकीचं ऐकलं असेन."

मी हे विसरले होते का? खरं सांगायचं तर विसरले नव्हते. पण आठवतही नव्हतं. घरात एखादी खोली बंद ठेवावी आणि तिच्या दारासमोर कपाट लावावं, मग काही वर्षांनी तिथे भिंतच आहे असं वाटावं, तसं काहीतरी. इतक्या वेळा "बुधवारी ती आली नाही" म्हटलं की ते खरंच झालं. ती आली नव्हतीच ना बुधवारी. त्यात खोटं काय?

का केलं हेही मला माहीत होतं. पप्पा गेले त्याआधी पाच महिने अंथरुणावर होते, तेव्हा सगळं तिनं केलं. मी तेव्हा डबल ड्युटी करत होते, घरी यायचे ती झोपायलाच. मातीच्या दिवशी पप्पांची बहीण, आमची आत्या, सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मुलगी असावी तर हिच्यासारखी." मी बाजूलाच उभी होते. मम्मीच्या वेळी ते वाक्य मला पाहिजे होतं. बाकी काही नाही. तिनं यायला नको होतं, एवढंच.

तो आठवडा मी कसा काढला ते नीट सांगता येत नाही. एका जागी बसवेना. भाजी चिरता चिरता उठायचे, झाडायला घ्यायचे, झाडू तसाच टाकून कपडे वाळत घालायला जायचे. मम्मी म्हणाली, "काय गो, मांजरीसारखी काय फिरतेस?" बुधवारी एका म्हाताऱ्या काकांच्या हाताला मी दोनदा सुई टोचली आणि शीर मिळाली नाही. वीस वर्षांत असं फार कमी झालंय. ते म्हणाले, "आज बरं नाही वाटतं तुम्हाला?" मी म्हटलं, "शिरा बारीक आहेत तुमच्या." स्कूटरपाशी आल्यावर लक्षात आलं, हेही खोटंच. शिरा दोरीसारख्या होत्या त्यांच्या.

शनिवारी मी वही नेली नाही. बाईंनी विचारलं नाही. तासभर मी वाट बघितली, आता विचारतील, मग विचारतील. निघताना मीच म्हटलं, "मी लिहिलं ते बघायचं नाही तुम्हाला?"

"लिहिलंस ना?"

"हो."

"मग मला कशाला दाखवतेस?" त्या सतरंज्या गुंडाळत होत्या. एक टोक माझ्या हातात दिलं. "परीक्षा नाही ही. धर नीट."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं खणायला लावलं आणि आता सतरंज्या. कोणीतरी मला काहीतरी म्हणायला हवं होतं. शिव्या तरी द्यायला हव्या होत्या. मी तडक चर्चला गेले. कन्फेशन होतं त्या दिवशी. जाळीच्या पलीकडे फादर होते, म्हातारे, मला लहानपणापासून ओळखणारे, तरी तिथे ओळख नसते. मी सगळं सांगितलं, कर्ता मीच ठेवून. त्यांनी ऐकून घेतलं, प्रार्थना सांगितल्या, क्षमेचे शब्द उच्चारले. मी उठणार तेवढ्यात हळूच म्हणाले, "देवाकडे तू आलीस, चांगलं केलंस. पण फसवलं देवाला नव्हतं."

रविवारी दुपारी मी वाकोल्याला गेले.

दार तिनंच उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून तिनं काही विचारलं नाही, फक्त "मम्मी बरी आहे ना?" म्हणाली. मी म्हटलं, बरी आहे. मग ती बाजूला झाली आणि मी आत गेले.

शिवणाच्या मशिनवर चादर टाकलेली होती. वर फुलदाणी. मी स्वयंपाकघरात तिच्यामागे गेले आणि थांबले. फ्रिजचं दार दिसत नव्हतं. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. "गॅस बंद." "चावी कपाटात डावीकडे." "सोमवारी पाणी उशिरा." "फोन झाला – गुरुवारी परत करायचा." भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, त्याचा एकही चौकोन रिकामा नव्हता. तिचं ते बारीक वळणदार अक्षर.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काय?" तिनं वळून बघितलं. "ते होय. लिहून ठेवते. माझं डोकं गेलंय ना."

ती अगदी सहज बोलत होती. चहाचं पाणी ठेवलं, गॅस लावला, आणि एका चिठ्ठीकडे बघून घेतलं. म्हणाली, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरला दाखवलं. कान तपासले, मग डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं की थोडं होतं. "पण माझं मला कळतं ना. आईच्या ऑपरेशनचा दिवस जी बाई विसरते तिचं पुढे काय होणार? पप्पांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. मी लग्नाच्या ऑर्डरी घेणं बंदच केलं. कोणाच्या लग्नाची तारीख डोक्यातून गेली तर? त्या पोरीची जन्माची वाट."

चहा झाला. आम्ही प्यायलो. ती मम्मीच्या गोळ्यांबद्दल विचारत होती, मी उत्तरं देत होते. एकदा वाटलं, आता सांगते. तेवढ्यात तिनं बिस्किटं पुढे केली. मी एक घेतलं. मग मी उठले, "येते" म्हटलं, आणि लिफ्टनं खाली आले.

स्कूटरवर बसले, हेल्मेट घातलं, चावी फिरवली. गेटच्या बाहेर गेले, नाक्यापर्यंत गेले. सिग्नलला उभी असताना माझ्या तोंडून "आई गं" असं काहीतरी निघालं, बाजूचा रिक्षावाला बघायला लागला. तिथून वळले. परत आले. लिफ्ट वर गेलेली होती, मी जिन्यानंच चढले, हेल्मेट डोक्यावर तसंच.

"काय विसरलीस?" दार उघडत ती म्हणाली.

"तू विसरली नव्हतीस," मी म्हटलं. "मी तुला गुरुवार सांगितला होता."

तिला कळलं नाही. मी हेल्मेट काढलं आणि दारातच उभी राहून सगळं सांगितलं. कॉरिडॉर. मंगळवारचा फोन. बुधवारी चार वाजता काय म्हटलं ते.

"परत बोल," ती म्हणाली.

"मी गुरुवार सांगितला. मला माहीत होतं बुधवार आहे."

"दोनदा सांगितलंस?"

"दोनदा."

"का?"

मी पप्पांचं सांगितलं. आत्याचं वाक्य सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते फार क्षुल्लक वाटलं.

ती म्हणाली, "म्हणून मला वेडी केलंस?"

मग ती आत गेली. मी दारातच. तिनं फ्रिजवरच्या चिठ्ठ्या एक एक करून काढायला सुरुवात केली. फाडत नव्हती. सोडवत होती, टाके उसवतात तशी, आणि टेबलावर एकावर एक ठेवत होती. मी म्हटलं, "बाय..." घरात आम्ही तिला बायच म्हणतो.

"जा आता," ती म्हणाली. वळली नाही.

संध्याकाळी तिनं मम्मीला फोन केला. मी बाजूच्या खोलीत होते. मम्मी फक्त "हां... हां..." म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिनं मला हाक मारली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवलं की जेवायची, गोळी दिली की घ्यायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी पण बोलले गो तिला. ऑपरेशननंतर फोनवर बोलले, मेले असते तर गाऊनच शिवत बसली असतीस. माझ्या तोंडातून आलं हे. तुझ्यामुळं." मग म्हणाली, "मला तिच्याकडं ने."

मी रिक्षा बोलावली. मम्मी वॉकर घेऊन चालते, तिला चढवायला वेळ लागतो. वाकोल्याला पोहोचल्यावर मी तिला लिफ्टपर्यंत सोडलं. ती म्हणाली, "तू खालीच थांब." मी वॉचमनच्या खुर्चीशेजारी कठड्यावर बसले. दोन तास. मोबाइल काढायचे, ठेवायचे. गेटपर्यंत जायचे, यायचे. वॉचमननं विचारलं, कोणाची वाट बघताय? मी म्हटलं, आईची.

त्या आठवड्यात मी आत्याकडेही गेले. मला वाटत होतं, ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली त्या सगळ्यांना खरं सांगायचं. आत्या ऐंशीच्या पुढची. तिनं ऐकलं आणि हात झटकला. "जाऊ दे गो, जुनी गोष्ट. आता कशाला उकरतेस?" दुसऱ्या एका बाईनं तर मला समजावलंच, "तू मनाला लावून घेऊ नको, ती पण काही कमी नाही." लोकांना पहिली गोष्ट आवडली होती. ती बदललेली नको होती. तरी मी सांगत राहिले. काहीजणी आता माझ्याकडे जरा लांबून बघतात. बघू दे.

बाईंकडे मी जात राहिले. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर त्यांना म्हटलं, "बाई, सगळं सांगून टाकलं, तरी मन शांत नाही झालं. अजून पंधरा मिनिटं बसवत नाही."

"शांत होईल असं मी कधी म्हटलं होतं?"

"मग उपयोग काय?"

त्यांनी जरा विचार केला. त्यांनी चटकन उत्तर न देणं मी पहिल्यांदाच बघत होते. "माझंही होत नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं बसतेय. माझ्याकडे पण एक आहे. नवऱ्याच्या बाबतीतलं. तो गेला आता, सांगायचं कोणाला? तुझी बहीण आहे. जा घरी."

मी त्यांना आणखी काही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांच्या इमारतीच्या गेटपर्यंत चालत गेले. त्या पावभाजीच्या गाडीवाल्याला ओरडल्या, फुटपाथ अडवला म्हणून. मग वर गेल्या.

पाच-सहा महिने बहीण आमच्याकडे यायची ती मी कामावर असताना. मी दहाला परत यायचे, घरात तिच्या पावडरीचा वास असायचा आणि धुतलेले दोन कप. मम्मी काही सांगायची, काही नाही. मम्मीकडूनच कळलं की तिनं मशीनवरची चादर काढली. शेजारच्या पोरीचा कम्युनियनचा फ्रॉक शिवला. नंतर एका लग्नाचा गाऊनही घेतला, पण मुलीच्या आईला सांगितलं की आठवड्याला एकदा मला फोन करून तारीख सांगत जा.

मग एका रविवारी मिस्सा संपल्यावर ती माझ्या देखतच घरी आली. मी चहा केला. ती मम्मीशी बोलत होती. मी म्हटलं, "मम्मीची रक्ताची तपासणी परवा आहे." तिनं मम्मीकडे बघितलं. मम्मी म्हणाली, "हो, परवाच." तेव्हा तिनं मान हलवली. अजूनही तसंच आहे. मी काही सांगितलं की ती दुसऱ्याला विचारून घेते. मुद्दाम करत नाही, तिच्या लक्षातही येत नसेल. माझ्या येतं.

एकदा भांडी विसळताना तीच म्हणाली, "मी अजून गॅस दोनदा बघते. माहीत आहे, मला काही झालेलं नाही. तरी बघते. ते काही जात नाही गं." मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "ते तू बोललीस मागे," आणि पुढचं ताट घेतलं.

माफ केलं असं तिनं म्हटलेलं नाही. मी विचारतही नाही. मी रोज बसते. कधी सात मिनिटं, कधी दहा. मधे उठते, खिडकीत जाते, परत येते. मन अजून वाकोल्याला जातं, पण हल्ली मी वाटेत काही बदलत नाही.

गेल्या रविवारी ती जेवायला थांबली. मम्मीनं तिला माशाचा मोठा तुकडा वाढायला लावला. जेवून ती निघाली तेव्हा मी म्हटलं, स्कूटरवर सोडते. ती म्हणाली, "नको, बसनं जाते, कंबर धरते माझी." मी स्टॉपपर्यंत बरोबर गेले. बस येत नव्हती. ऊन होतं, आम्ही बंद दुकानाच्या पायरीवर सावलीत उभ्या राहिलो. मी विचारलं, कुठे दुखतं, मधे की बाजूला? तिनं हात मागे नेऊन जागा दाखवली. मी म्हटलं, तिथे माझंही दुखायचं. पालथं झोपून करायचं एक आसन आहे, सोपं आहे. ती म्हणाली, "या वयात?" मी म्हटलं, "आमच्या वर्गात सत्तरच्या बायका आहेत."

"बघू," ती म्हणाली.

मग बस आली. तिला पुढची जागा मिळाली. बस सुटेपर्यंत मी उभी होते. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती, तिनं वर बघितलं नाही. मी घरी आले. मम्मी खुर्चीतच पेंगत होती. तिच्या पायाखाली उशी सरकवली आणि ताटं उचलायला लागले.